नाकातली चमकी आणि शाळेचा दंडक

जेमतेम मोहरीएवढी सोन्याची चमकी एका शाळकरी मुलीच्या नाकात असावी की नसावी, एवढ्या प्रश्नाचा निवाडा करण्यासाठी एखाद्या देशाच्या सर्वोच्च घटनापीठाने सर्व पक्षांचे म्हणणे सविस्तर ऐकून घ्यावे आणि त्यावर प्रदीर्घ निकालपत्र लिहावे, ही गोष्ट वरवर पाहणाऱ्याला अतिरेकाची वाटण्याचा संभव आहे. परंतु दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने ५ ऑक्टोबर २००७ रोजी दिलेला, 'पिल्ले खटला' या नावाने कायद्याच्या अभ्यासकांत प्रसिद्ध असलेला तो निकाल जो कोणी शांतपणे वाचील, त्याला त्या चमकीच्या आड एक फार जुना आणि फार मोठा प्रश्न उभा असलेला दिसल्यावाचून राहणार नाही. एकच नियम सर्वांना सारखा लावला, म्हणजे सर्वांना सारखा न्याय मिळाला, असे धरून चालता येईल काय, हा तो प्रश्न होय. समाजाच्या नियमांशी बहुतेकांची पहिली गाठ वयाच्या सहाव्या वर्षी, शाळेच्या फाटकाशी, गणवेशाच्या रूपाने पडते. आणि नियम म्हणजे काय, तो कोण करतो, तो जाचक वाटला तर कोणाकडे दाद मागावी, याविषयीचे पहिले संस्कार बालमनावर तेथेच होत असल्यामुळे शाळेतील पोशाखाचे दंडक हा विषय पुढे नागरिकत्वापर्यंत जाऊन पोहोचतो.

गणवेशाची बाजू मुळात लंगडी नाही, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. ज्या वर्गात जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्याच शेतावर राबणाऱ्या मजुराचा मुलगा एकाच बाकावर बसतात, तेथे दोघांच्याही अंगावर एकाच कापडाचा सदरा असावा, या कल्पनेत जी समतेची ओढ आहे तिची किंमत ज्याने दारिद्र्य जवळून पाहिले आहे तोच जाणतो. जून महिना उजाडला की तालुक्याच्या गावी शिंप्याच्या दुकानात पोरांची रीघ लागते, आणि मापे घेऊन झाली की प्रत्येक आई शिंप्याला बजावून सांगते की शिवणीत माया जास्त सोडा, बाहीची आणि पायाची दुमड दोन बोटे वाढवा, म्हणजे पोर उंच झाले तरी उसवून तोच जोड पुढल्या सालापर्यंत पुरेल. घरात दुसरा जोड नसेल तर तो रात्री धुऊन चुलीच्या उबेवर वाळत घालायचा आणि सकाळी ओलसर असला तरी तसाच चढवायचा, हा कित्येक घरांतला नित्याचा परिपाठ होता व आजही आहे. या कष्टांमागे एक दृढ श्रद्धा असते: आपल्या लेकराने चारचौघांच्या लेकरांसारखे दिसावे. गणवेशाची खरी प्रतिष्ठा या श्रद्धेत आहे. इतिहास मात्र थोडा निराळा आहे. लंडनमध्ये १५५२ साली स्थापन झालेल्या 'ख्राइस्ट्स हॉस्पिटल' या शाळेतील अनाथ व निर्धन मुलांचा लांब निळा डगला हा शालेय गणवेशाच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी एक मानला जातो, आणि तो धर्मादायावर वाढणाऱ्या मुलांचा पोशाख होता. पुढे उच्चभ्रूंच्या शाळांनी आपापले पोशाख ठरवले आणि जो दयेचा शिक्का होता त्याची प्रतिष्ठेची मुद्रा झाली. तात्पर्य, एकाच तऱ्हेचा कपडा समतेचे साधन होईल की भेदाचे, हे त्या कपड्यामागच्या नियमावर अवलंबून असते.

आता त्या चमकीकडे वळू. मद्रासहून निघालेले 'ट्रूरो' नावाचे जहाज १६ नोव्हेंबर १८६० रोजी नाताळ वसाहतीतील डर्बन बंदराला लागले, आणि तेव्हापासून १९११ पर्यंत सुमारे दीड लाख हिंदी माणसे करारबद्ध मजूर म्हणून तेथील उसाच्या मळ्यांवर नेण्यात आली. त्यांत तमिळ व तेलुगू भाषकांचा भरणा मोठा होता. पिढ्या उलटल्या, घरातली भाषा हळूहळू इंग्रजी झाली. पण उत्सव, नवस, व्रते आणि आजीकडून नातीकडे जाणारे दागिन्यांचे संस्कार टिकून राहिले, कारण ते कोणत्याही पुस्तकावर विसंबून नव्हते. अशाच एका दक्षिण भारतीय वंशाच्या पिल्ले कुटुंबातील मुलगी डर्बन गर्ल्स हायस्कूल या, वर्णभेदाच्या राजवटीत गोऱ्या मुलींपुरत्या मर्यादित असलेल्या आणि पुढे सर्वांना खुल्या झालेल्या शाळेत शिकत होती. सप्टेंबर २००४ च्या सुटीत आईने तिचे नाक टोचून घेतले आणि नाकात सोन्याची चमकी घातली. सुटी संपून मुलगी शाळेत आली, तेव्हा चमकी काढून टाकण्याची ताकीद मिळाली.

शाळेचा नियम लेखी आणि तपशीलवार होता. कानांच्या पाळ्यांत एकेक साधे गोल कर्णभूषण चालेल, ते दोन्ही कानांत सारख्या उंचीवर असावे, मनगटी घड्याळ चालेल, याखेरीज अंगावर कोणताही दागिना नको, असा त्याचा आशय. प्रवेश घेताना या नियमांचे पालन करण्याच्या हमीवर आईने सही केलेली होती. तिने शाळेला पत्र लिहून कळवले की ही चमकी नवलाईची फॅशन नाही. मुलगी वयात आली की तिचे नाक टोचून चमकी घालायची आणि तिच्या सोळाव्या वाढदिवशी आजीने सोन्याच्या जागी हिऱ्याची चमकी घालून तिला आशीर्वाद द्यायचा, ही घराण्याची रीत आहे. ती जबाबदार स्त्रीत्वाच्या उंबरठ्यावर आलेल्या मुलीचा सन्मान करणारी आहे. शाळेच्या नियामक मंडळाने हे म्हणणे ऐकले, विचारात घेतले, आणि सवलत नामंजूर केली. पुढे शिस्तभंगाची चौकशी निघाली, तेव्हा आईने डर्बनच्या समानता न्यायालयात फिर्याद दाखल केली.

शाळेची बाजू हेकेखोर माणसांची बाजू होती असे मानणे अन्यायाचे होईल. नियम स्वच्छ आहे, तो गोऱ्या, काळ्या, हिंदी सर्व मुलींना सारखाच लागू आहे, शेकडो मुलींना एका शिस्तीत ठेवायचे तर कोठेतरी रेघ ओढलीच पाहिजे, आज एकीला चमकीची मुभा दिली तर उद्या दुसरी काय मागेल याचा नेम नाही, धर्माची अनिवार्य आज्ञा असती तर गोष्ट निराळी, परंतु नाकात चमकी घालणे ही तर ऐच्छिक रूढी आहे: हे सगळे युक्तिवाद जबाबदारीने शाळा चालवणाऱ्या कोणत्याही मुख्याध्यापकाच्या तोंडी शोभतील असेच आहेत. समानता न्यायालयाने सप्टेंबर २००५ मध्ये निकाल दिला की येथे सकृद्दर्शनी भेदभाव दिसतो खरा, पण तो अन्याय्य नाही. २००६ साली पीटरमॅरिट्सबर्गच्या उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अखेर प्रकरण घटना न्यायालयापुढे आले तोपर्यंत मुलगी शालान्त परीक्षा देऊन शाळेतून बाहेरही पडली होती, आणि तरीही प्रश्न एका मुलीपुरता नसून सर्व शाळांचा आहे या जाणिवेने न्यायालयाने तो निकालात काढला.

सरन्यायाधीश पायस लांगा यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालपत्रातील ज्या मुद्द्याने मला सर्वाधिक विचार करायला लावले, तो म्हणजे नियमाच्या कथित तटस्थतेविषयीचा. कानातले चालते आणि नाकातले चालत नाही, ही रेघ निसर्गाने आखून दिलेली नाही. युरोपीय वळणाच्या घरात मुलीचे कान टोचणे हा रोजच्या परिचयाचा प्रकार आणि नाक टोचणे हा अपरिचित प्रकार, म्हणून नियम लिहिणाऱ्याच्या मनात कानातले कर्णभूषण 'साधे' ठरले आणि नाकातली चमकी 'दागिना' ठरली. म्हणजे नियम करताना कोणाविषयीही द्वेष नव्हता, आकस नव्हता. केवळ ज्यांचा वावर त्या शाळेत पिढ्यानपिढ्या होता त्यांच्या सवयींना मोजपट्टी मानले गेले, आणि ती मोजपट्टी मग सर्वांना निरपवादपणे लावली गेली. बहुसंख्यांच्या किंवा पूर्वापार प्रतिष्ठितांच्या चालीरीती नियमात अशा बेमालूम मिसळून जातात की त्या चालीरीती आहेत हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्यांच्या चालीरीती तेवढ्या अपवाद म्हणून डोळ्यांत भरतात. ज्याच्या घरची रीत नियमातच सामावलेली असते, त्याला नियम पाळताना काही सोडावे लागत नाही; ज्याची रीत नियमाबाहेर राहते, त्याला शाळेत पाऊल टाकण्यापूर्वी घरचे काहीतरी फाटकाबाहेर काढून ठेवावे लागते. दोघांना नियम एक, आणि दोघांकडून घेतलेली किंमत निरनिराळी.

दुसरा मुद्दा ऐच्छिक आणि अनिवार्य यांच्यातील भेदाचा. मराठी घरांत मुलीचे नाक टोचायला सोनाराला बोलावतात, कोवळ्या नाकपुडीत बारीक तार जाताच मुलगी कळवळते, आजी तिला मांडीवर दाबून धरते, आणि चार-आठ दिवसांनी सूज ओसरली की आरशापुढून ती हलत नाही. पुढे लग्नकार्यात चमकीच्या जागी मोत्यांची नथ येते. या सगळ्यासाठी आजपर्यंत कोणी धर्मग्रंथ उघडून पाहिला असेल असे मला वाटत नाही. नाक न टोचल्याने कोणी पतित होत नाही. पण म्हणून त्या आजीच्या आणि नातीच्या लेखी त्या संस्काराचे मोल कमी असते काय? लांगा यांनी नेमके हेच म्हटले आहे की माणसाची ओळख केवळ त्याच्यावर लादलेल्या कर्तव्यांतून घडत नाही. त्याने आपखुशीने जपलेल्या गोष्टींतूनही ती तितकीच घडते, आणि म्हणून संरक्षण देताना एखादी प्रथा सक्तीची आहे की स्वेच्छेची एवढेच पाहून भागणार नाही. ती त्या व्यक्तीच्या जीवनात किती मध्यवर्ती आहे, किती प्रामाणिकपणे जपलेली आहे, हे पाहिले पाहिजे. सवलतींचा लोंढा येईल या भीतीलाही त्यांनी उत्तर दिले. आपापल्या धर्माची वा संस्कृतीची खूण आजवर भीतीपोटी लपवणारी मुले यामुळे पुढे आली, तर ती गोष्ट भिण्यासारखी नसून आनंदाची आहे, असा त्यांचा अभिप्राय आहे. आणि मुलीने दोन वर्षांहून अधिक काळ चमकी घातली तरी शाळेची शिस्त ढासळल्याचा पुरावा शाळेला देता आला नाही, हा साधा वस्तुनिष्ठ मुद्दाही त्यांनी नोंदवला. त्याच वेळी, या निकालाने गणवेश रद्द होत नाही आणि केवळ शोभेसाठी किंवा हौसेसाठी कोणी सवलत मागू शकणार नाही, हेही त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले.

'दुसरी शाळा पाहा' हा सल्ला अशा वादांत हमखास दिला जातो. न्यायालयाने तो फेटाळला, आणि ते योग्यच झाले. कारण प्रत्येक चांगल्या शाळेने वेगळ्या चालीच्या मुलांना दुसरी वाट दाखवली, तर ज्यांच्या चाली आधीच दुर्लक्षित आहेत ती मुले उरल्यासुरल्या शाळांत ढकलली जातील.

याच डर्बन शहरात चमकीच्या या वादाच्या एकशे अकरा वर्षे आधी पोशाखाच्या नियमावरून आणखी एक प्रसंग घडला होता. मे १८९३ मध्ये तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी तेथे पोहोचले आणि दोन-तीन दिवसांतच दादा अब्दुल्ला यांच्यासोबत कोर्ट पाहायला गेले असता मॅजिस्ट्रेटने त्यांना पगडी उतरवण्यास सांगितले. मुसलमानी पोशाख केलेल्यांना पगडी ठेवण्याची मुभा, इतर हिंदी लोकांना मात्र ती उतरवण्याची सक्ती, असा तेथला शिरस्ता होता. गांधींनी पगडी उतरवली नाही. ते कोर्टाबाहेर निघून आले आणि त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून आपली बाजू मांडली. पुढल्याच वर्षी नाताळच्या वरिष्ठ न्यायालयात वकिलीची सनद मिळाली तेव्हा मात्र मुख्य न्यायाधीशांनी सांगताच त्यांनी पगडी काढून ठेवली, कारण ज्या न्यायालयात आपण वकील म्हणून उभे राहणार त्याची रीत पाळणे त्यांना उचित वाटले आणि आपले बळ अधिक मोठ्या लढ्यांसाठी राखून ठेवणे त्यांना इष्ट वाटले. अब्दुल्ला शेठांना ते आवडले नाही. एकाच माणसाने, एकाच पगडीविषयी वर्षाच्या अंतराने दोन निर्णय घेतले, आणि दोन्ही विचारपूर्वक घेतले. नियम जाचक वाटला की तो मोडावा, की पाळून बदलण्याची खटपट करावी, याचे सरसकट उत्तर देता येत नाही. पिल्ले खटल्यातही न्यायमूर्ती केट ओरेगन यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात शाळेच्या नियमांचे महत्त्व अधोरेखित करून, विद्यार्थ्याने आधी सवलत मागावी आणि मगच नियमाबाहेर जावे, या शिस्तीवर भर दिला आहे. मला तो आग्रह रास्त वाटतो; मात्र सवलत मागण्याची सोयच नियमात नसेल, तर तो आग्रह धरणाऱ्याने प्रथम ती सोय करून दिली पाहिजे.

एकाच नियमानेही अन्याय होऊ शकतो, हा धडा इंग्लंडने पिल्ले खटल्याच्या आधीच घेतला होता. बर्मिंगहॅममधील एका खाजगी शाळेने एका शीख मुलाला, तो केस कापून पगडी सोडीत नाही तोवर प्रवेश देण्यास नकार दिला, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८३ मध्ये निर्णय दिला की पगडीबंदीचा नियम कागदावर सर्वांना सारखा असला तरी शीख मुलाला आपली परंपरा न सोडता तो पाळणे शक्य नसल्यामुळे तो भेदभावच ठरतो. नियम 'पाळता येण्यासारखा आहे काय' याचा अर्थ शरीराने पाळता येईल काय एवढाच घ्यायचा नसतो. केस कोणालाही कापता येतात.

आपल्या देशात या प्रश्नाला अधिक कटू वळण लागले. कर्नाटक सरकारने ५ फेब्रुवारी २०२२ रोजी गणवेशासंबंधी आदेश काढला, हिजाब घालून येणाऱ्या मुलींना वर्गाबाहेर थांबवण्यात आले, आणि त्या राज्याच्या उच्च न्यायालयाने १५ मार्च रोजी तो आदेश उचलून धरला. त्या न्यायालयापुढे पिल्ले खटल्याचा दाखला देण्यात आला होता. पण चमकी आकाराने इतकी लहान की तिने एकरूपतेला बाध येत नाही, हिजाबाचे तसे नाही, अशा आशयाच्या विवेचनाने तो बाजूला ठेवण्यात आला. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला: न्या. हेमंत गुप्ता यांनी आदेश वैध ठरवला, न्या. सुधांशू धुलिया यांनी तो रद्दबातल मानला आणि मुलीचे शिक्षण या सर्वांत मोलाच्या गोष्टीकडे लक्ष वेधले. प्रकरण मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवण्याचे ठरले. मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बिल्ले यांवर बंदी घातली असता जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थिनींची याचिका फेटाळली, आणि ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीला अंशतः स्थगिती देताना, मग टिळा आणि टिकलीचे काय, असा प्रश्न महाविद्यालयाला विचारला. चेहरा पूर्ण झाकणारा बुरखा वर्गात घालण्याची मुभा मात्र देण्यात आली नाही.

भारतीय न्यायशास्त्रात १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून एक कसोटी रुजत आली आहे: अमुक आचार हा त्या धर्माचा अत्यावश्यक भाग आहे काय? ती लावायची म्हणजे न्यायाधीशाने धर्मग्रंथांचा अर्थ लावायचा, आणि ज्या मुलीच्या डोक्यावरचे वस्त्र वादात आहे तिला स्वतःला ते किती मोलाचे वाटते हा प्रश्न मागे पडायचा. दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयाने वाट निराळी धरली: तिने ते मनापासून जपले आहे काय, आणि तिला सवलत दिल्याने शाळेचे नेमके काय बिघडते? मला ही दुसरी वाट अधिक न्याय्य वाटते, कारण तिच्यात सिद्ध करण्याचा भार सत्ता ज्याच्या हाती आहे त्याच्यावर येतो. प्रयोगशाळेत सैल वस्त्र ज्योतीत जाऊ शकते, परीक्षेला बसलेल्याची ओळख पटवावी लागते, यंत्रशाळेत दागिना यंत्रात अडकू शकतो. अशी कारणे असतील तर ती उघडपणे मांडावीत, आणि बहुधा कोणीही समंजस पालक ती मान्य करील. केवळ 'सगळे सारखे दिसले पाहिजेत' हे कारण एवढ्या वजनाचे नाही की त्यासाठी एखाद्या मुलीचे वर्ष बुडावे.

आपल्या भागात जो अन्याय शतकानुशतके चालत आला तो याच्या नेमका उलट प्रकारचा होता, हे विसरून चालणार नाही. डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळे, कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे, आणि ते गोणपाट शाळेचा नोकर शिवत नसल्यामुळे रोज घरी न्यावे व परत आणावे लागे. तेथे नियमच निरनिराळे होते. सर्वांना एक बाक, एक पाणवठा, एक नियम, ही मागणी म्हणूनच मराठी समाजाच्या समतेच्या लढ्याचा प्राण बनली, आणि 'एकच नियम' या शब्दांभोवती आपल्या मनात जे पावित्र्य आहे ते त्या लढ्यातून आलेले आहे. ते योग्यच आहे. पण वेगळ्या नियमांनी होणारा अन्याय संपला की एकाच नियमाने होणारा अन्याय दिसू लागतो, आणि पहिल्याशी झुंजलेल्या समाजाला दुसरा ओळखणे अवघड जाते, कारण त्याच्या अंगावर समतेचीच वस्त्रे असतात.

अलीकडचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे, आणि त्यात धर्माचा वा रूढीचा काही संबंध नाही. समग्र शिक्षा योजनेखाली सरकारी शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना वर्षाला दोन गणवेशांसाठी प्रत्येकी ६०० रुपये मिळत. पण सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील मुले यांनाच. रेषेच्या किंचित वर असलेल्या घरातला मुलगा त्याच बाकावर बसून या लाभातून वगळलेला राही. २०२३ मध्ये राज्य सरकारने उरलेल्या मुलांनाही गणवेश देण्याचे ठरवले, आणि हे पाऊल अत्यंत स्वागतार्ह होते. त्यासोबतच 'एक राज्य, एक गणवेश' हे धोरण आले. तोवर कापड निवडून गावातल्या शिंप्याकडून शिवून घेण्याचे काम शाळा व्यवस्थापन समित्या करीत. आता कापडाची खरेदी राज्य पातळीवरून आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडून व्हायची होती. आकाशी सदरा आणि गडद निळी विजार किंवा स्कर्ट, राज्यभर सारखे. हेतू शुद्ध होता. प्रत्यक्षात २०२४-२५ चे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, जून गेला, जुलै गेला, आणि अनेक शाळांतील मुले स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाला जुन्याच, उसवलेल्या कपड्यांत उभी राहिली. जे गणवेश आले त्यांची मापे जुळत नाहीत, शिवण निकृष्ट आहे, अशा तक्रारी ठिकठिकाणाहून आल्या. बचत गटांतील बायांनाही एका गणवेशाच्या शिलाईपोटी मिळणारी रक्कम परवडत नव्हती. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवून गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले.

यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याची गरज नाही. ४० लाखांहून अधिक मुलांच्या मापांचा हिशेब दूरच्या कचेरीत बसून करता येईल, ही समजूतच मुळात चुकीची होती. गडचिरोलीतल्या आश्रमशाळेच्या शेजारी राहणारे पोर आणि कोल्हापुरातले पोर यांच्या उंचीत, अंगकाठीत, पावसाच्या दिवसांत आणि कपडा वाळायला लागणाऱ्या वेळात जो फरक आहे, तो गावातल्या शिंप्याला ठाऊक असतो. परिपत्रकात तो मावत नाही. एकरूपतेचा नियम वरून आला, आणि त्याचा भार सर्वांत खाली, ज्या घरात दुसरा जोड नव्हता त्या घरावर पडला. सधन घरातल्या मुलाने बाजारातून आकाशी सदरा विकत आणला आणि वेळ भागवली.

मुलींच्या बाबतीत तर हा विचार अजून पुरता सुरूही झालेला नाही. स्कर्टची लांबी, वेणीला बांधायच्या फितीचा रंग, ओढणी कशी टाचायची, याविषयीचे दंडक मुलींसाठी बारीकसारीक तपशिलांसह लिहिलेले आढळतात आणि मुलांचे दोन ओळींत आटोपतात. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात वलयनचिरंगरा येथील सरकारी प्राथमिक शाळेने २०१८ पासून मुला-मुलींसाठी एकसारखी गुडघ्यापर्यंतची विजार व सदरा असा गणवेश पालकांशी बोलून लागू केला. धावताना, झाडावर चढताना, सायकलवर टांग मारताना आपला कपडा सावरत राहण्याची सक्ती मुलीवर असू नये, एवढीच साधी गोष्ट त्यामागे आहे, आणि ती ठरवताना घराघरांतल्या मातापित्यांना विश्वासात घेतले गेले, हे मला कपड्याच्या आकाराइतकेच महत्त्वाचे वाटते.

डर्बनच्या शाळेला न्यायालयाने जो हुकूम दिला त्याचा शेवटचा भाग म्हणूनच विशेष लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे. त्या मुलीला चमकीची सवलत नाकारणे हा अन्याय्य भेदभाव होता, एवढे सांगून ते थांबले नाही. सवलत मागण्याची आणि तीवर निर्णय देण्याची रीतसर पद्धत शाळेच्या आचारसंहितेत लिहून काढा, असे त्याने शाळेला बजावले. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या २१व्या कलमान्वये शासकीय व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते, तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. गणवेशाचे अधिकार आता पुन्हा तिच्या हाती आले आहेत. कापडाचा रंग आणि शिंप्याचा दर ठरवायला ती उन्हाळ्यात बसेल, तेव्हा त्याच बैठकीत आणखी थोडे लिहून घेता येईल: सवलतीचा अर्ज कोणाकडे करायचा, त्यावर किती दिवसांत निर्णय द्यायचा, नकार द्यायचा झाल्यास कारण लेखी द्यायचे, आणि निर्णय लागेपर्यंत मूल वर्गातच बसेल.